आमच्या सहलीचं विमान सुरक्षित आहे ना? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ज्येष्ठांच्या मंडळाची सहल दर वर्षी दिवाळी आटोपली की निघते. बाली झालं, थायलंड झालं, आता नेपाळचं घाटतंय. नाव नोंदवायला येणारे पूर्वी आधी विचारायचे, "जेवण शाकाहारी आहे ना?" १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं आणि पहिला प्रश्न बदलला. मी विमानतळावर नोकरीला होते, तीही जमिनीवरच्या कामात. सामानाचं वजन, लोडशीट, दार बंद झालं की सही करून मागे फिरायचं. मी वैमानिक नाही, अभियंताही नाही. पण कोण कोणाला कागद मागतं आणि तो नसला तर काय होतं, हे बरीच वर्षं जवळून बघितलंय. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवते.

प्रश्न : सरळ सांगा, विमानात बसावं की नाही?

बसावं. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना दर वर्षी हिशेब मांडते. २०२४ मध्ये जगभरात ४ कोटी ६ लाख उड्डाणं झाली. त्यांत जीवघेणे अपघात ७ झाले आणि विमानातली २४४ माणसं गेली. लहानमोठे सगळे अपघात धरले तर दर दहा लाख उड्डाणांमागे १.१३, म्हणजे साधारण पावणेनऊ लाख उड्डाणांत एक. त्यातल्या बहुतेकांत कोणी दगावत नाही. चाक फुटतं, शेपूट घासते, विमान धावपट्टीवरून बाजूला जातं.

पण एका वर्षाच्या आकड्यावर फार विसंबू नका. २०२३ मध्ये याच हिशेबात जीवघेणा अपघात एकच होता, नेपाळमधल्या पोखऱ्याचा, ७२ माणसं. म्हणून २०२४ मध्ये जग सातपट धोकादायक झालं असं होत नाही. अपघात इतके थोडे असतात की दोनचार इकडेतिकडे झाले तरी आलेख उडी मारतो. त्यापेक्षा त्या देशाची तपासणी करणारी यंत्रणा कशी आहे ते बघावं. या पानावर मी घुमूनफिरून तिथेच येणार आहे.

प्रश्न : अहमदाबादला नक्की काय झालं?

त्या दिवशी विमानात २४२ जण होते, एक वाचला. जमिनीवरचे धरून २६० गेले. आपल्या विमान अपघात अन्वेषण ब्युरोने महिन्याभराने, १२ जुलैला, प्राथमिक अहवाल दिला. उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सेकंदाभराच्या अंतराने 'बंद'कडे गेले, एका वैमानिकाने दुसऱ्याला तू बंद का केलंस असं विचारलं आणि दुसरा म्हणाला, मी नाही केलं. अहवालात एवढंच आहे. का झालं याचा निष्कर्ष त्यात नाही. व्हॉट्सॲपवर मात्र चौथ्या दिवसापासून निष्कर्षच निष्कर्ष होते.

या तपासात भारताच्या बरोबरीने अमेरिकेचे आणि ब्रिटनचे तपासनीस बसले. ही मेहेरबानी नाही, तसा नियमच आहे. शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात लिहिलंय की अपघात ज्या देशात झाला त्याने तपास करायचा, विमान आणि इंजिन ज्या देशात बनलं त्याला सोबत घ्यायचं, आणि ज्यांचे नागरिक गेले त्यांनाही माहितीचा हक्क. विमानात ५३ ब्रिटिश नागरिक होते. प्राथमिक अहवालाला ३० दिवस, अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत. तपास कोणाला फासावर देण्यासाठी नसतो, पुन्हा तसं होऊ नये यासाठी असतो, हेही त्याच परिशिष्टात आहे. कोर्टकचेरी वेगळी.

प्रश्न : कंपनीवर डीजीसीए, म्हणजे आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, लक्ष ठेवतं. पण डीजीसीएवर कोण?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. फार थोडे लोक विचारतात.

७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत करार झाला, त्यातून इकाओ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था आली. आज १९३ देश सदस्य आहेत. १९९९ पासून इकाओ प्रत्येक देशाच्या नियामकाची तपासणी करते. विमान कंपनीची नव्हे, नियामकाची. कायदा आहे का, निरीक्षक पुरेसे आहेत का, परवाने कसे देता, चूक सापडली तर पुढे काय करता. भारताला २०१८ मध्ये ६९.९५ टक्के मिळाले होते, २०२२ च्या तपासणीत ८५.६५. दहावीच्या भाषेत, प्रथम श्रेणीवरून विशेष प्राविण्यात.

अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन, एफएए, आपल्या बाजूने वेगळी परीक्षा घेतं. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी भारताला दुसऱ्या श्रेणीत ढकललं. कारण ऐकून तेव्हा आमच्या ऑफिसात कोणाला नवल वाटलं नव्हतं : डीजीसीएकडे स्वतःचे पूर्णवेळ उड्डाण निरीक्षक पुरेसे नव्हते, कंपन्यांकडूनच वैमानिक उसने घेऊन काम चालायचं. ज्याचा पेपर तपासायचा त्याच्याच घरचा परीक्षक. त्या काळात आपल्या कंपन्यांना अमेरिकेची नवी उड्डाणं वाढवता येईनात. मग भरती झाली, पगार ठरले आणि एप्रिल २०१५ मध्ये पहिली श्रेणी परत मिळाली. घरातल्या कोणी सांगून जे झालं नसतं, ते बाहेरच्याने नापास केल्यावर सव्वा वर्षात झालं.

प्रश्न : नेपाळला जायचं आहे. तिथली विमानं धोक्याची आहेत म्हणतात.

गोड बोलून बुकिंग घेण्यात अर्थ नाही. नेपाळची नोंद चांगली नाही. डिसेंबर २०१३ पासून युरोपियन युनियनने नेपाळच्या सगळ्या कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली आहे. इकाओनेही त्याच वर्षी गंभीर आक्षेप नोंदवला होता, तो २०१७ मध्ये उठला. युरोपची यादी मात्र उठली नाही.

डोंगर अवघड, हवा लहरी, हे खरंच आहे. पण युरोपचं जुनं दुखणं वेगळं आहे. तिथलं नागरी उड्डयन प्राधिकरण विमानतळही चालवतं आणि नियामकही तेच. दुकानदार आणि वजनमापाचा इन्स्पेक्टर एकच माणूस असावा तसं. दोन तुकडे करा असं वर्षानुवर्षं सांगणं चाललं आहे.

पोखऱ्याचा अपघात १५ जानेवारी २०२३ चा, नवा विमानतळ सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. विमान एटीआर, पंख्याचं. तपासात निघालं की उतरताना फ्लॅपचा, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपांचा, दांडा ओढायच्या ऐवजी शेजारचे दोन दांडे ओढले गेले, त्याने पंख्यांची पाती वाऱ्याला आडवी न राहता उभी झाली. इंजिन चालू, पंखा फिरतोय, पण वारा लागत नाही, अशी अवस्था. चूक हाताची होती. पण ती दुसऱ्या वैमानिकाच्या लक्षात का आली नाही, याचं उत्तर प्रशिक्षणात आणि तपासणीच्या शिस्तीत सापडतं. पुढच्या वर्षी, २४ जुलै २०२४ ला, काठमांडूत उड्डाण घेताना आणखी एक विमान पडलं. १९ पैकी १८ गेले.

आमचा निर्णय असा : काठमांडूपर्यंत दिल्लीहून भारतीय कंपनीचं विमान. उतरायची धावपट्टी तीच, डोंगरही तेच, पण वैमानिकांची तपासणी आपल्या नियामकाकडे. पोखऱ्याला सकाळचं विमान, हवा स्वच्छ असेल तरच, आणि एक दिवस हातात राखून. लुक्ला, जोमसोम हे डोंगरातले विमानतळ या मंडळाबरोबर नाहीत. "मग पोखऱ्याला बसनेच जाऊ" असं जे म्हणतात त्यांनी जुलै २०२४ आठवावा. नेपाळात एका दरडीने दोन बसेस नदीत ढकलल्या.

प्रश्न : थायलंड, इंडोनेशियाही एकेकाळी काळ्या यादीत होते ना? मग तुम्ही नेलंत कसं?

इंडोनेशिया युरोपच्या यादीत होता. थायलंड त्या यादीत नव्हता, त्याला इकाओने नापास केलं होतं. दोघं त्यातून बाहेर कसे आले ते बघूनच नेलं.

इंडोनेशियात २००७ च्या पहिल्या तीन महिन्यांत दोन मोठे अपघात झाले आणि जुलैपासून युरोपने त्यांच्या सगळ्या कंपन्यांना दार बंद केलं. २००९ मध्ये काही कंपन्या सुटल्या, शेवटच्या जून २०१८ मध्ये. अकरा वर्षं! मधल्या काळात ऑस्ट्रेलियाने माणसं आणि पैसा दिला, निरीक्षक तयार करायला आणि अपघाताचा तपास शिकवायला. ऑस्ट्रेलियाने हे निव्वळ परोपकार म्हणून केलं नाही. बालीला सुट्टीला जाणाऱ्यांत त्यांची माणसं भरपूर.

थायलंडचं वेगळं. जून २०१५ मध्ये इकाओने लाल झेंडा दाखवला, कारण तिथल्या खात्याने कंपन्यांना परवाने नीट तपासणी न करता दिले होते. त्याच सुमारास जपान आणि कोरियाने थायलंडहून नवी उड्डाणं घेणं थांबवलं. पर्यटनावर चालणाऱ्या देशाच्या पोटावरच पाय आला. मग नवं प्राधिकरण उभं राहिलं, ब्रिटनच्या तज्ज्ञांना बोलावून प्रत्येक कंपनीचा परवाना पुन्हा पहिल्यापासून तपासला. ऑक्टोबर २०१७ मध्ये लाल झेंडा उतरला. अमेरिकेची पहिली श्रेणी परत मिळायला मात्र एप्रिल २०२५ उजाडलं.

यादीत नाव येणं वाईटच. पण नाव आल्यावर देश काय करतो, ते मी जास्त बघते.

प्रश्न : शेजाऱ्यांशी आपलं धड बोलणं नाही. सहकार्य कसलं डोंबलाचं?

राग समजू शकते. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद आणि आपलं त्यांना. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांचा वेळ वाढला, इंधन वाढलं.

तरी एक टेबल असं आहे की जिथे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव एकत्र बसतात. इकाओच्या आधाराने चालणारा दक्षिण आशियाचा सुरक्षा कार्यक्रम, कॉस्कॅप. त्यात नियम एकसारखे करणं, निरीक्षकांना एकत्र शिकवणं असली कामं होतात. ज्यांची बातमी होत नाही अशी.

पॅसिफिकमधल्या बेटांची युक्ती मला त्याहून आवडते. एकेका बेटावर विमानं दोनचार, मग निरीक्षक ठेवायचा कुणाच्या पगारावर? म्हणून त्यांनी वानुआतूच्या पोर्ट व्हिलात एक सामायिक कार्यालय काढलं. तिथले तज्ज्ञ बेटाबेटांवर जाऊन तपासतात. दहा गावांना मिळून एक भटजी, तसंच, फक्त हा दक्षिणेच्या आधी त्रुटींची यादी देतो.

आशिया-पॅसिफिकचे मंत्री पहिल्यांदा २०१८ मध्ये बीजिंगला जमले, दुसऱ्यांदा सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीत, आणि दिल्ली जाहीरनामा झाला. जाहीरनाम्यांवर माझा फार जीव नाही. एका टोकाला सिंगापूर, जपान, ऑस्ट्रेलिया आणि दुसऱ्या टोकाला एका धावपट्टीचं बेट, अशा सगळ्यांना एकच वाक्य मान्य करायला लावलं की ते वाक्य गुळमुळीत होतंच. निरीक्षकांची भरती किती झाली, ते विचारावं.

प्रश्न : इतके देश, इतक्या भाषा. वैमानिक एकमेकांशी बोलतात तरी कसे?

आंतरराष्ट्रीय उड्डाणात इंग्रजीत, आणि ठरलेल्या शब्दांत. २००८ पासून इकाओने इंग्रजीच्या पातळ्या लावल्या, सहापैकी किमान चौथी हवी.

हे किती महत्त्वाचं आहे ते आपण हरियाणातल्या चरखी दादरीला शिकलो. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदीचं जंबो १४ हजार फुटांवर चढत होतं, समोरून कझाकस्तानचं विमान उतरत होतं. त्याला १५ हजारांवर थांबायला सांगितलं होतं. ते त्याच्याही खाली आलं. ३४९ माणसं गेली, हवेतल्या टकरीतला आजवरचा सर्वांत मोठा आकडा. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरकडे, विमान चालवणारे दुसरे. त्यांची सवय मीटरची, सूचना फुटांत. येण्याजाण्याला हवेतला रस्ता एकच, आणि दिल्लीच्या रडारला विमानाची उंची दिसत नव्हती. त्यानंतर रस्ते वेगळे झाले, नवं रडार आलं आणि विमानांत टक्कर टाळणारं टीकॅस यंत्र सक्तीचं झालं. चीनमध्ये आजही उंची मीटरमध्येच सांगतात बरं का, पण आता त्याचे तक्ते ठरलेले आहेत.

दुसरी नाजूक जागा म्हणजे हद्द. इंदूर मुंबईच्या हवाई क्षेत्रात येतं. पुढे बँकॉकला जाताना मार्गाप्रमाणे कोलकाता, यंगून असे नियंत्रक बदलत जातात, आणि प्रत्येक वेळी विमान एकाने सोडायचं, दुसऱ्याने धरायचं. ८ मार्च २०१४ ला मलेशियाचं एमएच ३७० नेमकं क्वालालंपूर आणि हो ची मिन्ह यांच्या हद्दीवर नाहीसं झालं. "तुमचं विमान अजून आलं नाही" हे हो ची मिन्हच्या नियंत्रकाने पाच मिनिटांत विचारायला हवं होतं, त्याला पंधरा मिनिटांहून जास्त लागली. आता समुद्रावरून जाणाऱ्या मोठ्या विमानाची जागा किमान दर १५ मिनिटांनी कळलीच पाहिजे, असा नियम आहे.

प्रश्न : विमान टेकता टेकता पुन्हा वर उचललं. काहीतरी बिघडलं होतं का?

बहुधा काही नाही. त्याला गो अराउंड म्हणतात. मागच्या पावसाळ्यात मी मुंबईहून येत होते. चाकं उतरल्याचा धप्प आवाज झाला, विमानतळाजवळच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याचे दिवे ओळखू यायला लागले, आणि एकदम इंजिनांनी जोर धरला, नाक वर. शेजारचा मुलगा म्हणाला, "भिया, ये तो वापस जा रिया है!" मागे कोणी रामरक्षा सुरू केली. अठरा-वीस मिनिटांनी उतरलो. खाली लोक वैमानिकाला नावं ठेवत होते, मी दारात थांबून त्याला धन्यवाद दिले.

कारण दुसरी बाजू माहीत आहे. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला पावसात विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकलं, सहवैमानिकाने गो अराउंड म्हटलं, तरी उचललं नाही. टेबलासारख्या पठारावरची धावपट्टी संपली. २१ जण गेले.

प्रश्न : तुम्ही कंपनी कशी निवडता? स्वस्त म्हणजे धोक्याची का?

स्वस्ताचा आणि धोक्याचा संबंध नाही. जेवण कापून वाचवलेले पैसे आणि देखभाल कापून वाचवलेले पैसे वेगळे. मी तीन गोष्टी बघते. युरोपच्या यादीत कंपनी किंवा देश आहे का. आयाटाची आयोसा ही सुरक्षेची तपासणी झाली आहे का, ती यादी कोणालाही बघता येते. आणि तिकिटावर बारीक अक्षरांत विमान प्रत्यक्षात कोणाचं आहे. तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं, हे सर्रास चालतं, आणि खालचं नाव वाचायचं राहून जातं.

प्रश्न : वैमानिक कमी म्हणून विमानं रद्द होतात. हा हलगर्जीपणा नाही का?

नियोजनाचा आहे, नियमाचा नाही. थकलेला वैमानिक धोक्याचा, म्हणून डीजीसीएने आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली आणि काही तरतुदींतून तात्पुरती सूट द्यावी लागली. त्या आठवड्यात आमचेही सात जण दिल्लीत अडकले. खूप बोलणी खाल्ली. तरी सूट दिली ते मला पटलेलं नाही.

प्रश्न : पॉवर बँक कुठे ठेवायची?

हातातल्या सामानात, आणि तीही वरच्या कप्प्यात नको, जवळ. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात बुसानजवळ उड्डाणाआधी एका विमानाच्या वरच्या कप्प्यात आग लागली. सगळे १७६ जण उतरले, विमान जळालं. पॉवर बँकेतला बिघाड हे संभाव्य कारण निघालं. १ मार्चपासून कोरियाने नियम बदलला, मग सिंगापूर, चीन असे एकामागून एक. बँकेवर वॉट-अवर लिहिलेलं नसेल तर एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागा. २०,००० ची ७४ होते, चालते. ३०,००० ची १११, तिला कंपनीची परवानगी लागते.

प्रश्न : पतंगांचा आणि विमानांचा काय संबंध?

संक्रांतीला विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या नातवंडांना एवढं सांगा : मांजा आणि लेझरचा दिवा दोन्ही घरात. आणि उकिरडा नको. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला कायद्याने बंदी आहे, कारण कचऱ्यामागे घारी येतात. स्वच्छतेचा मान मिरवणाऱ्या इंदूरला हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : काही झालंच तर भरपाई?

आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार. भारत त्यात २००९ पासून आहे. डिसेंबर २०२४ पासून मृत्यू किंवा इजेसाठी दर प्रवाशामागे १,५१,८८० एसडीआरपर्यंत कंपनीला आपली चूक नव्हती असं म्हणून सुटता येत नाही. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. प्रवासविमा वेगळा घ्यायचाच.

प्रश्न : आणि खोबरं का काढून घेतात हो?

कारण ते पेटतं. सुकं खोबरं तेलकट असतं, दाबून भरलेलं तापलं तर आपोआप पेटू शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचं नाव आहे. ही यादी बँकॉकलाही तीच आणि इंदूरलाही तीच. आख्ख्या नारळालाही केबिनमध्ये बंदी असते. २०२२ च्या नोव्हेंबरात शबरीमलाच्या यात्रेकरूंपुरती काही आठवडे ती उठवली होती. थायलंडच्या वेळी आमच्या एका काकूंच्या बॅगेतून नऊ वाट्या निघाल्या, मोदकांसाठी नेत होत्या. सुरक्षेतल्या मुलीने त्या एकेक करून टेबलावर मांडल्या, काकू एकेकीकडे बघत होत्या. शेव न्या, जिरावण न्या, तिळाच्या वड्या न्या. खोबरं तिथे मिळतं, आपल्यापेक्षा स्वस्त.